तीस सेकंदांत दुरुस्ती

२ मार्च, सकाळी ११.१०

स्क्रू शिलाई मशीनच्या पोटात पडला. काढायला उजवा हात आत घातला. आता हात निघत नाही. ही नोंद डाव्या हाताने. अक्षर वाईट आहे. विचार स्वच्छ आहेत.

सासरे समोर बसून बॉबिनवर दोरा भरत आहेत. माझ्याकडे बघत नाहीत. म्हणजे बघत आहेत.

११.२५

निघाला. सासऱ्यांनी मनगटावर तेलाचे दोन थेंब सोडले आणि म्हणाले, जावईबापू, आधी मूठ उघडा. मूठ उघडली. हात बाहेर आला. स्क्रू आत राहिला. तो त्यांनी लोहचुंबकाने काढला. चार सेकंद लागले. लोहचुंबक आहे हे आधी सांगायला हवं होतं. शिकवण्याची पद्धत जुनी आहे.

दुपारी

परिस्थिती लिहून ठेवतो. सर म्हणतात, लिहिलेलं ध्येय अर्धं गाठलेलं असतं. सर म्हणजे माझे ऑनलाइन कमाईचे गुरू. प्रत्यक्ष भेट नाही. त्यांच्या वेबिनारला तीनदा बसलो आहे. तिन्ही वेळा वेबिनार तोच होता.

सासऱ्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. अडतीस वर्षं. माझं कुरियरचं ऑफिस नोव्हेंबरात बंद पडलं, तेव्हापासून मी स्वतंत्र आहे. सासऱ्यांना मोतीबिंदू. ऑपरेशन पंधरा एप्रिलला. त्यानंतर महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात युनिफॉर्मवाल्या बाईंचं काम. बाईंच्या कारखान्यात अकरा मशीन आहेत. शाळेच्या सीझनआधी अकराच्या अकरा उघडून, साफ करून, जुळवून द्यायच्या. दुकान त्या एका कामावर उभं आहे. ते गेलं तर सासरे दुकान शेजारच्या चष्मेवाल्याला देणार. चष्मेवाल्याला मधली भिंत पाडून मोठं शोरूम करायचं आहे.

म्हणून सासऱ्यांनी मला विचारलं, सहा आठवडे रोज नऊ ते अकरा याल का, शिकाल का. मी हो म्हणालो. बायकोच्या वडिलांना दुसरं काय म्हणणार.

संकल्प: नऊ ते अकरा दुकान. उरलेल्या वेळात व्हिडिओंचं चॅनल. तीन महिन्यांत झोपेत कमाई. चहात साखर बंद.

३ मार्च

आज मला डोळे मिटायला लावले. एक हात मशीनच्या चाकावर. हळू फिरवा आणि ऐका, म्हणाले. चाळीस मिनिटं. मग विचारलं, काय ऐकू आलं.

मी म्हणालो, मशीन.

सासऱ्यांनी चाकावर तेलाचा थेंब सोडला. मग म्हणाले, उद्या परत. त्यांना उत्तर आवडलं असावं.

चहात अर्धाच चमचा.

५ मार्च

काल आणि आज दुकानात गेलो नाही. चॅनलचं नाव ठरवायचं होतं. ‘तीस सेकंदांत दुरुस्ती.’ सरांचं सूत्र असं: कौशल्य ही आजोबांची गोष्ट. आता फक्त लोकांचं लक्ष. सुतार उपाशी राहतो, सुताराचा व्हिडिओ काढणारा बंगला बांधतो. एका माणसाने चॅटमध्ये विचारलं, मग बंगल्याला दारं कोण बसवतो. सरांनी त्याला बाहेर काढलं. नकारात्मक माणसं सगळीकडे असतात.

सासऱ्यांना फोन करून सांगितलं, ताप आहे. ते म्हणाले, जपा. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, कपाळ बघू. मी म्हणालो, आतला ताप आहे.

९ मार्च

पहिला व्हिडिओ टाकला. विषय: तुटणाऱ्या दोऱ्यावर एक जादुई उपाय. उपाय म्हणजे दोरा बदला.

संध्याकाळपर्यंत चौदा जणांनी पाहिला. त्यातले नऊ मी. तीन हिच्या फोनवरून, तेही मीच. उरलेले दोन कोण ते माहीत नाही. म्हणजेच बाहेर मागणी आहे.

ही दुपारी दोनला बाबांचा डबा घेऊन दुकानात जाते आणि साडेपाचला परत येते. डबा द्यायला साडेतीन तास. वेळेचं नियोजन शून्य. सरांचा त्या विषयावरचा व्हिडिओ तिला पाठवला. तिने अंगठा पाठवला. अंगठ्याचं नख काळं होतं. म्हणजे चित्रातल्या नव्हे, प्रत्यक्ष, संध्याकाळी ताट वाढताना. म्हणालो, हात धुवून घे. ती म्हणाली, धुतलेत, तेल आहे ते, निघत नाही.

डब्यातलं तेल सांडत असणार. चांगला डबा आणायला हवा.

१२ मार्च

पलंगाखालून एक फोन-स्टँड गायब. गेल्या वर्षी मी चाळीस मागवले होते. सरांच्या ‘माल न बघता विका’ या सूत्राप्रमाणे. दोन विकले गेले. एक परत आला. माल बघायला हवा होता, तो वाकडा होता.

स्टँड हिने घेतला आहे. त्यावर सासऱ्यांचं जुनं, जाड, आकृत्यांचं पुस्तक उघडं ठेवून ती भाजी निवडत होती. म्हटलं, फोनच्या स्टँडवर पुस्तक. ती म्हणाली, उभं राहतंय ना.

बायकांचे छंद निराळे असतात. मी आड येत नाही.

१६ मार्च

तेरा दिवसांनी दुकानात. सासऱ्यांनी स्टूल पुढे सरकवलं. चष्मेवाला दारातच होता. म्हणाला, काय जावई, आज किती लाख लोकांनी पाहिलं. मी म्हणालो, वाढतंय. तो पावलं टाकत मधल्या भिंतीची लांबी मोजत होता. रोज मोजतो. भिंत काही वाढत नाही.

आजचा धडा: बॉबिन केस. सुईच्या खाली, मशीनच्या पोटात एक डबी असते, तिच्यात खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते. डबी दोऱ्याला धरून हवेत लटकवायची. हलका झटका द्यायचा. ती दोन बोटं खाली आली पाहिजे आणि थांबली पाहिजे. घसरत गेली तर दोरा सैल. जागची हलली नाही तर दोरा घट्ट. सासऱ्यांची दोन बोटं आली, थांबली. माझी जमिनीवर गेली आणि कपाटाखाली थांबली.

मग त्यांनी सगळ्यात मोठा नियम सांगितला. ज्या मशीनची डबी, त्याच मशीनला परत. दिसायला सगळ्या सारख्या. पण पंधरा वर्षं एकाच जागी घासून त्या जागेची झालेली असते. दुसरीकडे घातली तर बसेल, पण कुरकुर करेल, टाके सोडेल. सासरे म्हणाले, लग्नासारखं आहे. आणि माझ्याकडे बघितलं.

अंधश्रद्धा. एकाच कारखान्यात एकाच साच्यातून निघालेला माल. पण वयाचा मान म्हणून मान हलवली.

१९ मार्च

आज मोठं पाऊल. पाचशे फॉलोअर विकत घेतले. हिला सांगितलं नाही. योग्य वेळी सांगेन, मोठ्या आकड्यासह.

दुपारपर्यंत पाचशे आले. कुणालाच चेहरा नाही. नावाऐवजी आकडे आहेत. शिस्तीचे लोक वाटतात.

२३ मार्च

पाचशेतले अकरा उरले. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, अकरा. बाईंच्या मशीन किती? अकरा. काही गोष्टी उगाच घडत नाहीत.

ही जेवताना मधेच थांबली, वर बघून म्हणाली, पंख्याचं बेअरिंग गेलंय. मी म्हणालो, पंखा फिरतोय की. ती म्हणाली, आवाज ऐक. मी ऐकला. पंखा.

२४ मार्च

पंखा बंद पडला.

सासऱ्यांकडे जाणार होतो, पण उकाड्यात शिकण्यात अर्थ नाही. मेंदू ग्रहण करत नाही. याला संशोधनाचा आधार आहे, सरांनी सांगितलं होतं.

ही खिडकीत बसून एक बॉबिन केस दोऱ्याला लटकवत होती. झटका, थांब. झटका, थांब. लहान मुलीसारखी. विचारलं, कसला खेळ. ती म्हणाली, दोन बोटं येतेय का बघतेय. मी म्हणालो, वेळ असेल तर माझ्या व्हिडिओंवर चार चांगल्या प्रतिक्रिया लिही. तिने एक लिहिली: ‘आवाज कमी करा.’ घरचीच माणसं.

२८ मार्च

ई-बुक तयार. ‘शिलाई मशीनची १०१ रहस्यं.’ सॉफ्टवेअरला विषय दिला, त्याने अकरा मिनिटांत लिहून दिलं. परत अकरा. मी फक्त नाव घातलं आणि माझा फोटो. फोटोत हातात पाना आहे. पाना नळाचा आहे, पण छोट्या फोटोत कळत नाही.

वाचलं नाही. सर म्हणतात, निर्मात्याने निर्मितीत अडकू नये.

३१ मार्च

पहिली प्रत खपली! घेणारा अनोळखी. पुस्तक बाजारात पोचलं, याहून मोठा पुरावा काय. हिला पेढ्याऐवजी बातमी दिली. ती म्हणाली, कुणी घेतलं असेल रे. मी म्हणालो, गरजूने.

१ एप्रिल

चष्मेवाल्याने घेतलं आहे.

दुकानाच्या पायरीवर उभा राहून मोठ्याने वाचतो. रहस्य बासष्ट: मशीनचा दाब पाय दुखत असल्यास कोमट पाण्यात ठेवावा. दाब पाय म्हणजे सुईशेजारची कापड दाबून धरणारी लोखंडी पट्टी. रस्त्यावरची तीन माणसं थांबून ऐकत होती. सासरे आत होते. त्यांनी रहस्य बासष्ट ऐकलं. चष्मा काढून डोळे पुसले. मोतीबिंदूमुळे पाणी येतं.

चष्मेवाला म्हणाला, पैसे वसूल झाले बघा, रोज एक वाचणार, तीन महिने पुरेल. तो म्हणाला ते खरं. माझं पुस्तक लोकांपर्यंत पोचतं आहे. तोंडी का होईना.

६ एप्रिल

सासऱ्यांनी बोलावून घेतलं. ही चहा करत होती. सासरे म्हणाले, जावईबापू, पाच आठवड्यांत तुम्ही पाच दिवस आलात. मी म्हणालो, दिवस मोजू नका, दर्जा बघा. ते म्हणाले, तेच बघतोय. मग विचारलं, बाईंच्या अकरा मशीन एकट्याने जमतील? खरं सांगा. नाही म्हणालात तर राग नाही. बाईंना आजच कळवतो, आणि शेजारच्यालाही.

मी म्हणालो, जमतील. शंभर टक्के.

सासऱ्यांनी हिच्याकडे बघितलं. ही चहाकडे बघत होती. सासरे म्हणाले, तू जाशील का बरोबर? मी लगेच म्हणालो, तिला कशाला त्रास, डबे भरून दमते. ही मला म्हणाली, बघ बाबा. दोघांचाही माझ्यावर विश्वास आहे. आमच्या घरात भावना बोलून दाखवत नाहीत.

संकल्प: उरलेले नऊ दिवस सकाळी सहाला उठून सराव. उद्यापासून.

७ एप्रिल

उठलो, नऊ. हा उठण्याचा विषय वेगळा हाताळायला हवा. ‘पाचला उठा’ या सरांच्या कोर्सची नोंदणी केली. तास रात्री दहाला आहे.

११ एप्रिल

मोठी कल्पना. अकरा मशीन म्हणजे अकरा व्हिडिओ. एका रविवारात तीन महिन्यांचा माल. कारखाना रविवारी बंद असतो, मोकळी जागा, वरून उजेड. सासऱ्यांनी आयुष्यात एकदाही असा विचार केला नाही. करतात काय, तर मशीन दुरुस्त.

१५ एप्रिल

सासऱ्यांचं ऑपरेशन नीट झालं, आता महिनाभर मुक्काम आमच्याकडे. एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. उताणे पडून आहेत आणि छताला बघत आहेत. म्हणाले, छताला तडा आहे, इतके दिवस दिसत नव्हता.

मला जवळ बोलावलं. हत्यारांची पेटी दिली. वर एक पांढरा खडू ठेवला. म्हणाले, एक मशीन उघडा, ते पूर्ण करा, मग दुसरं. काहीही सोडवण्याआधी खूण करा. डबी काढली की तिच्यावर आणि मशीनवर एकच आकडा घाला. विसरलात तर काम थांबवा, पण अंदाजाने बसवू नका. आणि खडू माझ्या खिशात स्वतःच्या हाताने घातला.

हळवे झाले आहेत. औषधाचा परिणाम.

१९ एप्रिल, रविवार, सकाळी १०

कारखान्यात. किल्ली बाईंनी दिली. बाई उंच, बोलायला थेट. म्हणाल्या, गुरुवारी सातशे युनिफॉर्म शाळेत पोचायचेत. उद्या सकाळी आठला माझ्या अकराजणी मशीनवर बसतील. तुमच्या सासऱ्यांवर विश्वास आहे म्हणून मशीन कंपनीच्या माणसाला थांबवून ठेवलंय. मी म्हणालो, निश्चिंत राहा. त्या म्हणाल्या, तेच तर जमत नाही.

हिने जाताना विचारलं होतं, येऊ का. मी म्हणालो, कॅमेऱ्यात गर्दी दिसते.

११.३०

एक एक मशीन उघडायचं म्हणजे दर वेळी फोन नव्याने लावा, उजेड बघा, शर्टाची कॉलर नीट करा. अव्यवहार्य. कामाचे टप्पे पाडले. आधी सगळ्या मशीनचं सगळं उघडणे. मग सगळं पुसणे. मग सगळं बसवणे. मोठ्या उद्योगांत असंच करतात.

दुपारी १.१५

अकराही बॉबिन केस बाहेर. टेबलावर काळं कापड पसरून त्यांचा बाण केला. वर जाणारा. प्रगतीचं चिन्ह. त्यावरून फोटो: ‘११ मशीन, १ माणूस, ० अनुभव.’ तिसरा आकडा नंतर काढला.

बाण फार सुंदर दिसतो. पन्नासेक फोटो काढले.

३.४०

आता प्रश्न एवढाच की कोणती कुणाची.

सगळ्या सारख्या दिसतात. उजेडात धरल्या. वास घेतला. तेलाचा येतो, अकरांचाही. सासरे म्हणाले होते काम थांबवा. पण ते जुन्या पिढीचे आहेत, त्यांना संभाव्यतेचं गणित माहीत नाही. अकरा डब्या, अकरा जागा. डोळे मिटून बसवल्या तरी निम्म्या बरोबर पडणारच. उरलेल्या निम्म्यांना नव्या जागेची सवय होईल. माणसं नाही का बदली झाली की रुळत.

५.१०

सगळ्या बसल्या. एकही उरली नाही. हाच खरा पुरावा. मशीनमधून काही उरलं की समजावं चूक झाली, आणि माझ्याकडे फक्त दोन स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली आहे.

घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, खडू पुरला? मी म्हणालो, भरपूर.

२० एप्रिल, सकाळी ८.२०

बाईंचा फोन. उचलला नाही. एवढ्या लवकर कौतुक नको.

८.२५, ८.३१, ८.३२

कौतुक नसावं.

८.४०

बाई म्हणाल्या, तीन नंबर टाके गिळतेय. पाच नंबरखाली दोऱ्याचं घरटं झालंय. आठ नंबर ओरडतेय, तिच्यावर बसणारी बाई घाबरून उठली. अकरांपैकी एक चालू आहे, तीसुद्धा का चालू आहे कळत नाही. कंपनीच्या माणसाला दोनला बोलवतेय. तुमच्या सासऱ्यांना मला सांगवत नाही, तुम्हीच सांगा.

मी म्हणालो, नव्या सेटिंगला वेळ द्यावा लागतो. त्या म्हणाल्या, सातशे पोरांना उघडं पाठवू का.

९.००

सासरे पलीकडच्या खोलीत झोपले आहेत. त्यांना सांगायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ताण नको. माझ्याबद्दल काही म्हणाले नाहीत.

हिला सांगितलं. थोडक्यात. बाणाचा उल्लेख टाळला. तिने विचारलं, डब्या एकत्र केल्यास? मी म्हणालो, काही क्षण. तिने विचारलं, का. मी फोटो दाखवला.

ती बराच वेळ फोटोकडे बघत होती. मला वाटलं, आवडला. मग ओढणी खोचली, पेटी उचलली आणि म्हणाली, चल. माझं बोलणं अर्धवट राहिलं.

दुपारी १२

कारखान्यात. माझी सगळ्यांशी ओळख झाली आहे. अकराजणी भिंतीला टेकून बसल्या आहेत आणि माझ्याकडे बघत आहेत. एक म्हणाली, हेच का ते रहस्यवाले. चष्मेवाल्याचं वाचन इथपर्यंत पोचलं आहे.

हिने आधी सगळ्या डब्या परत बाहेर काढल्या. काळ्या कापडावर ठेवल्या. बाण नाही, साधी ओळ. मग त्या बायकांना म्हणाली, मावशी, कुणाला आपली ओळखू येते का बघा. मला हसू आलं. पण तिघींनी उठून आपापली उचलली. एकीच्या डबीला कडेला पोचा होता, एकीने नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. तिसरी म्हणाली, कशी ओळखली सांगता येणार नाही, पण हीच.

मी त्यांना विचारलं नव्हतं, कारण रविवारी त्या नव्हत्या.

उरल्या आठ. ही एका मशीनवर बसते. एक डबी घालते. डोळे मिटते. हाताने चाक फिरवते. काढते. दुसरी घालते. कुठलीही पद्धत दिसत नाही. कागद नाही, तक्ता नाही. मी तक्ता करून देतो म्हणालो. ती म्हणाली, तू थोडा वेळ बोलू नकोस, ऐकू येत नाही.

१.५०

पाच जुळल्या. प्रत्येकीत काहीतरी ऐकून ती मान हलवते आणि डबीवर, मशीनवर एकच आकडा घालते. आकडा घालायला तिने खडू मागितला. पेटीत नव्हता. माझ्या खिशात होता. अख्खा.

तो देताना बाई माझ्याकडे बघत होत्या.

२.००

कंपनीचा माणूस आला. टाय होता. म्हणाला, जुन्या मशीन आहेत, सगळ्या बदला, एका दिवसात काम. बाई म्हणाल्या, बसा जरा. तो बसला. मी त्याला चॅनलचं कार्ड दिलं. मग तोही हिच्याकडे बघायला लागला. अर्ध्या तासाने त्याने टाय सैल केला. म्हणाला, कानाने करताय? ही म्हणाली, हाताने. कान फक्त सांगतात.

हे वाक्य फार चालेल. लगेच फोन काढला. जागा शिल्लक नाही असं आलं. बाणाचे फोटो आणि माझे काल घेतलेले दोनशे बारा टेक. यातलं काय काढायचं ठरवेपर्यंत तिची आठवी डबी बसली होती.

४.३०

माझ्याकडचे दोन स्क्रू आणि स्प्रिंग तिने मागून घेतली. कुठची आहेत हे विचारलं नाही. सरळ जाऊन बसवली. आठ नंबर ओरडायचं थांबलं.

अकराजणी बसल्या. आधी एक मशीन सुरू झालं, मग सगळी. कंपनीचा माणूस उठला, हिला नमस्कार केला आणि गेला. मला केला नाही. कार्ड खुर्चीवर राहिलं होतं.

बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीही तुमच्याच दुकानाला काम. मी म्हणालो, आभारी आहे. त्या म्हणाल्या, मी हिच्याशी बोलतेय. आणि पुढच्या वेळी तुम्ही घरी आराम करा.

माणसाची काळजी घेणारी बाई आहे.

संध्याकाळी ६.४५

सासऱ्यांना सगळं आधीच माहीत होतं. चष्मेवाल्याने फोन केला होता. पण त्यांनी मला काही विचारलं नाही. हिला विचारलं, जुळली? ही म्हणाली, दहा जुळली, सातव्याचा आवाज थोडा पातळ येतोय. सासरे छताकडे बघत हसले. म्हणाले, सातव्याचा नऊ वर्षं पातळ आहे. मला वाटायचं मलाच ऐकू येतो.

मग दोघं सातव्या मशीनबद्दल पाऊण तास बोलले. मी तिथेच होतो. दोन वेळा मान हलवली.

शेवटी सासरे मला म्हणाले, जावईबापू, दुकानाची किल्ली उद्यापासून खिळ्याला नाही, हिच्या पर्समध्ये. मी विचारलं, आणि माझं काय. ते म्हणाले, ते तिला विचारा, मालकीण ती.

शांतपणे विचार केला तर हे माझ्याच पथ्यावर पडलं. व्यवस्थापन माझं होतं, अंमलबजावणी तिची. हिला साडेतीन तासांच्या डब्यावरून मी बोललो होतो, ते शब्द मात्र मागे घेतले पाहिजेत. मनातल्या मनात घेतले.

संकल्प: नवा कोर्स, ‘माणसांकडून काम कसं करून घ्यावं.’ उद्या पहाटे पाचला उठून पहिला भाग.

२१ एप्रिल, मंगळवार

साडेआठला उठलो. किल्ली खिळ्याला नव्हती. हीही नव्हती.

नऊला दुकानात गेलो. चष्मेवाला पायरीवर होता. भिंत मोजत नव्हता. आज रहस्य एकविसावं, म्हणाला, पण वाचलं नाही.

हिने मला एक जुनं मशीन दिलं. स्क्रू सोडवायची परवानगी नाही. फोन गल्ल्यात ठेवायला सांगितला. डोळे मिटायला सांगितले. हात चाकावर ठेवला. चाळीस मिनिटं फिरवलं.

तिने विचारलं, काय ऐकू आलं.

मी म्हणालो, काही नाही.

ती म्हणाली, बरं. उद्या परत.